तीन वर्षांच्या मुलाला घेऊन सफरचंदाच्या बागेत

सप्टेंबर सुरू झाला की न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि पेनसिल्व्हेनियाच्या भागात नव्याने राहायला आलेल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो: ॲपल पिकिंगला, म्हणजे बागेत जाऊन आपल्या हाताने सफरचंदे तोडायला, कधी जायचे, आणि मूल लहान असताना ते झेपेल का? झेपते. मी इथे सतरा वर्षे राहत आहे आणि दोन मुलांच्या लहानपणी एकही वर्ष न चुकवता शेतावर गेले आहे. त्या अनुभवावरून एकच आग्रह धरते, की या दिवसाची आखणी मुलाच्या दुपारच्या झोपेपासून उलटी मोजत करावी. मूल एक वाजता झोपत असेल, तर साडेबाराला गाडीत बसलेले असावे, आणि त्याआधीच्या अडीच-तीन तासांत जेवढे होईल तेवढ्यावर समाधान मानावे.

पहिल्या वर्षी आम्ही नेमके याच्या उलट केले. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी कोलंबस डेची सुट्टी असते आणि तिला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी सगळे राज्य शेतांकडे निघते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. जेवण उरकून दुपारी निघालो, फाटकाबाहेरच्या मोटारींच्या रांगेत तासभर अडकलो, आणि आत पोहोचेपर्यंत मुलगी गाढ झोपली होती. तिला आळीपाळीने खांद्यावर घेऊन आम्ही दोघांनी सफरचंदे तोडली. तिने त्या दिवशी झाड पाहिलेच नाही. तेव्हापासून आम्ही फाटक उघडण्याच्या वेळी हजर असतो, आणि शक्य असेल तर सप्टेंबरातला एखादा शनिवार निवडतो. अनेक शेतांवर आता वेळेनुसार ऑनलाइन तिकीट काढावे लागते. बाहेरचे खाद्यपदार्थ चालतात का, किती वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट लागत नाही, आणि माणशी शुल्क आहे की फक्त पिशवीचे, हे सर्व निघण्यापूर्वी वाचून घ्यावे, कारण प्रत्येक शेताचा नियम वेगळा असतो.

कोणत्या आठवड्यात जाता, यावर कोणते फळ मिळेल हे ठरते. गाला, मॅकिंटॉश आणि हनीक्रिस्प ही लवकर येणारी वाणे आहेत, तर फूजी, ग्रॅनी स्मिथ आणि पिंक लेडी ऑक्टोबर बराच सरल्यावर तयार होतात. मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ मध्ये बाजारात आणलेले हनीक्रिस्प मुलांना बहुधा सर्वांत आवडते, आणि म्हणूनच ते सर्वांत आधी संपते. झाडे उंच असतील अशी काळजी करू नये. बहुतेक नव्या बागांत ठेंगणी ठेवणाऱ्या खुंटांवर कलमे केलेली असतात, त्यामुळे खालच्या फांद्या तीन वर्षांच्या मुलाच्या हाताला सहज लागतात.

फळ तोडण्याची रीत मात्र मुलाला पहिल्याच झाडापाशी शिकवावी. फळ हिसकले तर सोबत आखूड, गाठाळ डहाळीही तुटून येते, आणि पुढच्या वर्षीचा कळा तिच्यावरच, याच उन्हाळ्यात धरलेला असतो. तळहात फळाखाली ठेवायचा, फळ आभाळाकडे उचलायचे आणि हलकेच पीळ द्यायचा. पिकलेले फळ देठासकट टकन हातात येते. आमच्या धाकट्याला हा आवाज इतका आवडला, की पिशवी भरल्यावरही तो पुढच्या झाडाकडे धावत होता. लाल रंगावर फारसे विसंबू नये, कारण तो उन्हामुळेही येतो. देठाजवळच्या खळगीतला हिरवेपणा जाऊन पिवळसर झाक आलेली असेल, तर फळ तयार आहे असे समजावे. जमिनीवर पडलेली फळे उचलू नयेत: तिथे हरणांची विष्ठा असू शकते, आणि कुजणाऱ्या फळांवर गांधीलमाश्या असतात. पूर्वेकडच्या दमट हवेत बुरशीचे रोग फार, म्हणून बहुतेक बागांत फवारणी होते. एखादे फळ तिथेच चाखण्याची मुभा असली, तरी पाण्याची बाटली जवळ ठेवावी आणि धुऊनच द्यावे. चार वर्षांखालच्या मुलाला कच्च्या सफरचंदाची जाड फोड देऊ नये, ती घशात अडकते. पातळ काप करावेत किंवा घरी किसून द्यावे.

आमच्या सासूबाईंनी हा प्रकार प्रथम पाहिला तेव्हा, ‘पैसेही आपण द्यायचे आणि तोडणीही आपणच करायची?’ असे विचारले होते. हुरड्याला गेल्यावर यजमान आगटीपाशी बसवून गरम दाणे हातावर ठेवतो, ती सवय असलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. त्यांचा मुद्दा पिशवीच्या बाबतीत तर अगदी खरा ठरतो. इथे मापे पेक आणि बुशेलची असतात: पेकमध्ये साधारण दहा पौंड, म्हणजे साडेचार किलो सफरचंदे मावतात, आणि बुशेल म्हणजे चार पेक. त्या पहिल्या वर्षी आम्ही हौसेने अर्धा बुशेल घेतला, आणि नोव्हेंबरभर साखरांबा केला. तिघा-चौघांच्या घराला अर्धा पेक पुरतो; तोही फ्रिजमध्ये, पालेभाज्यांपासून दूर ठेवावा, कारण सफरचंदातून सुटणाऱ्या एथिलीन वायूने भाज्या लवकर पिवळ्या पडतात.

भोपळ्यांच्या वाफ्यात, म्हणजे पम्पकिन पॅचमध्ये, मुलाला हवा तो भोपळा निवडू द्यावा, पण देठाला धरून उचलू देऊ नये. देठ तुटला की भोपळा तिथूनच सडायला लागतो. हॅलोविनसाठी कोरायचे मोठे भोपळे पाणचट आणि तंतुमय असतात. भाजी किंवा घारगे करायचे असतील, तर शुगर पम्पकिन नावाने मिळणारा लहान, गच्च गराचा भोपळा मागून घ्यावा. रंगीबेरंगी, खडबडीत, शोभेचे छोटे भोपळे विकायला असतात, ते खाण्यासाठी नसतात. मक्याचा चक्रव्यूह मोठ्या मुलांसाठी ठीक आहे. तीन वर्षांच्या मुलाला दोन्ही बाजूंना फक्त ताटे दिसतात आणि दहाव्या मिनिटाला कडेवर यायचे असते. त्यापेक्षा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पेंढ्याच्या गठ्ठ्यांवर बसून मारलेली फेरी त्याच्या अधिक लक्षात राहते. घरात कुणाला दमा असेल, तर तिथे उडणाऱ्या धुळीचा विचार करावा.

कपड्यांबाबत थोडक्यात सांगते. सकाळी पंचेचाळीस आणि दुपारी पासष्ट फॅरनहाइट, म्हणजे सात ते अठरा सेल्सियस, असा फरक एकाच दिवसात पडतो, म्हणून एकावर एक काढता येतील असे कपडे घालावेत. गवत दहिवराने ओले असते, तेव्हा मुलाला गमबूट आणि मोज्यांचा एक जादा जोड हवाच. लहान चाकांचे स्ट्रोलर चिखलात रुतते.

शेळ्या-मेंढ्यांना खाऊ घालण्याचा कार्यक्रम मी नेहमी शेवटी ठेवते, कारण त्यानंतर हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवावे लागतात. सॅनिटायझर तिथे पुरेसा नाही. या जनावरांच्या अंगावर ई. कोलायसारखे जंतू असू शकतात आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्यांचा त्रास गंभीर होतो. त्यामुळे जनावरांच्या आवारात मुलाच्या हातात दुधाची बाटली, चोखणी किंवा खाऊ नसावा. हीच सावधगिरी सायडरलाही लागू आहे. इथे नुसते सायडर म्हटले की सफरचंदाचा गढूळ, गोड रस असा अर्थ होतो. मद्य हवे असेल तर हार्ड सायडर म्हणावे लागते. १९९६ मध्ये पाश्चराइझ न केलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलायची लागण होऊन एका बालकाचा मृत्यू झाला. त्यानंतर असा रस बाटलीबंद विकताना धोक्याची सूचना छापण्याचा नियम आला. पेल्यात ओतून दिलेल्या रसावर मात्र ही सूचना नसते, म्हणून पाश्चराइझ केला आहे का, हे विचारूनच मुलाला द्यावा. सायडर डोनटमध्ये बहुधा अंडे असते, हे न खाणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

घरी परतल्यावर मूल कितीही पेंगुळलेले असले, तरी एक काम त्याच दिवशी करावे. हरणांवरची काळ्या पायांची गोचीड शरद ऋतूतही चावते आणि तिच्यामुळे लाइम हा आजार होतो. कनेक्टिकटमधल्या लाइम गावाच्या परिसरात १९७५ च्या सुमारास मुलांच्या सुजलेल्या सांध्यांवरून त्याचा शोध लागत गेला, म्हणून त्याला हे नाव पडले. आंघोळ घालताना काखा, कानांमागची जागा, केसांची मुळे, बेंबी, जांघा आणि गुडघ्यांच्या खळग्या बोटांनी चाचपाव्यात. गोचीड तिळाएवढी असते आणि नजरेपेक्षा बोटांना आधी लागते. सापडलीच तर तेल किंवा जळती काडी न लावता, टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. लागण होण्यासाठी ती सहसा चोवीस तासांहून अधिक वेळ चिकटलेली असावी लागते, म्हणून त्याच रात्री पाहण्याला महत्त्व आहे. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी, आणि पुढच्या महिनाभरात ताप आला किंवा पसरत जाणारा लालसर चट्टा दिसला, तर डॉक्टरांना शेतावर गेल्याचे आपणहून सांगावे.