प्रेग्नन्सीत कॅन्सर निघाला तर काय काय करायचं

रिपोर्ट आला की घरात आधी 'बाळ ठेवायचं की नाही' हेच सुरू होतं आणि जिच्या पोटात बाळ आहे तिला काय वाटतं हे विचारायचं राहूनच जातं. प्लीज एवढी घाई करू नका. साधारण हजारात एका प्रेग्नन्सीत असं होतं आणि कितीतरी जणींची ट्रीटमेंट बाळ पोटात असतानाच होते. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये नुसतं अबॉर्शन केल्याने आजार लवकर बरा होतो असं दिसलेलं नाही. हां, पहिल्या तिमाहीतच ॲक्यूट ल्युकेमियासारखं (झपाट्याने वाढणारा ब्लड कॅन्सर) काही निघालं तर थांबायला वेळ नसतो, तिथे हा प्रश्न खरंच येतो, पण निर्णय तिचाच.

सगळ्यात आधी गायनॅक आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना एकमेकांशी थेट बोलायला लावा, तुम्ही मधे निरोप्या बनू नका. फाईलवर वरच मोठ्या अक्षरात कितवा आठवडा चालू आहे ते लिहा आणि दर आठवड्याला बदला, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

बायोप्सी, सोनोग्राफी चालते, पोट झाकून मॅमोग्रामही करतात. एमआरआय लागला तर गॅडोलिनियमचं (फोटो स्पष्ट यावा म्हणून देतात ते औषध) इंजेक्शन न देता. पोटाचा सीटी आणि पेट स्कॅन शक्यतो टाळतात. ऑपरेशन बहुतेक वेळा कुठल्याही महिन्यात करता येतं.

आता केमो, सगळ्यात जास्त भीती याचीच. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे अवयव बनत असतात म्हणून तेव्हा देत नाहीत, साधारण चौदाव्या आठवड्यानंतर ठरावीक औषधं देता येतात, जसं डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फमाइड. मेथोट्रेक्सेट, टॅमॉक्सिफेन, ट्रास्टुझुमॅब मात्र प्रेग्नन्सीत टाळतात आणि रेडिएशन बहुतेकदा डिलिव्हरीनंतरवर ढकलतात. प्रत्येक औषधाचं नाव लिहून घ्या आणि 'हे बाळाला चालतं का' असं सरळ विचारा, लाजू नका. मधूनमधून बाळाच्या वाढीची सोनोग्राफी होतेय ना तेही बघा.

केमो चालू असताना थर्मामीटर उशाशीच ठेवा. ताप 100.4 फॅरेनहाइट किंवा वर गेला तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी हॉस्पिटलला फोन करा, सकाळची वाट बघायची नाही आणि आपल्या मनाने गोळी घेऊन ताप दाबायचाही नाही, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना इन्फेक्शन फार पटकन वाढतं.

शेवटची केमो आणि डिलिव्हरी यात साधारण तीन आठवड्यांचं अंतर ठेवतात म्हणजे ब्लड काउंट वर येतात. बाळ शक्यतो 37 आठवडे पूर्ण होऊन यावं असाच प्रयत्न असतो, लवकर आलेल्या बाळांना त्रास होतो तो बऱ्याचदा केमोपेक्षा लवकर आल्यामुळेच. आईचा कॅन्सर बाळाला लागणं अतिशय दुर्मिळ आहे, तरी प्लॅसेंटा (वार) तपासायला पाठवायचं आधीच सांगून ठेवा. केमो चालू असेल तर अंगावरचं दूध देता येत नाही, त्याचं वाईट वाटतंच, पण फॉर्म्युलावर बाळ छान वाढतं, त्यावरून तिला कुणी बोलत असेल तर घरच्यांनी तिथेच थांबवा.