लो बजेट मॉन्स्टर फिल्म करताय? मग या चुका टाळा

मॉन्स्टर फिल्म करायची ठरली की पहिल्या दिवसापासून सगळे स्केचवर तुटून पडतात, दात किती, शिंगं ठेवायची का, डोळे पिवळे का लाल. आम्हीपण तेच केलं. लॅबमधून निसटलेला प्राणी, वीस मिनिटांची शॉर्टफिल्म, आणि दोन महिने नुसता सूट, म्हणजे माणसाने आत शिरून घालायचा प्राण्याचा पोशाख, बनवत बसलो. एडिटला बसल्यावर लक्षात आलं की प्राणी दिसायला मस्त झालाय पण तो त्या खोलीत आहे असं काही केल्या वाटत नाहीये. त्यानंतर या प्रकारचे जुने-नवे पिक्चर मी परत परत बघितले आणि माझं मत पक्कं झालं, निम्म्याहून जास्त चुका एकाच ठिकाणाहून निघतात. प्राणी कसा दिसतो यात सगळा जीव ओतायचा आणि तो आल्यामुळे आजूबाजूला काय हलतं, पडतं, मोडतं ते विसरून जायचं.

प्राण्याला वजनच नसतं

आमचाच एक शॉट सांगते. स्टीलच्या टेबलामागून प्राण्याचा पंजा वर येतो आणि टेबलाच्या कडेवर पडतो. पंजा फोमचा, वर लेटेक्सचा म्हणजे पातळ रबराचा थर, रंगकाम सुंदर. सहा टेक घेतले आणि सगळ्यात तो पंजा उशी ठेवावी तसा अलगद टेकत होता. मग एक जण फ्रेमच्या बाहेर वाकून बसला आणि पंजा पडायच्या क्षणी त्याने टेबलाचे अलीकडचे दोन पाय जरासे उचलले, टेबल पंजाच्या बाजूला कललं, वरचा पेला सरकत सरकत जाऊन पंजाला अडला आणि पाणी त्याच्या बोटांवर सांडलं. पंजा तोच, लाईट तोच, पण त्या टेकला मॉनिटरसमोरचे सगळे एकदम गप्प झाले. टेबल उचलायला काहीच खर्च आला नाही. तेव्हापासून प्रत्येक शॉटला मी आधी हेच विचारते की प्राण्यामुळे इथे काय हललं पाहिजे. दार वाकेल, धूळ पडेल, बल्ब हलेल, पाण्यावर तरंग येईल, काहीतरी हवंच.

वजनाचाच दुसरा भाग म्हणजे स्पीड. मिनिएचर सेट किंवा छोटं पपेट नॉर्मल स्पीडला, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेमने शूट केलं की खेळणंच दिसतं, कारण छोट्या वस्तूला पडायला अंतर कमी असतं, त्यामुळे ती लवकर पडते आणि पटकन हलते. याचा हिशोब ठरलेला आहे, मॉडेल जितक्या पट छोटं त्याचं वर्गमूळ काढा आणि फ्रेम रेट तितक्या पट वाढवा. मॉडेल मूळ आकाराच्या सोळाव्या हिश्श्याचं असेल तर चौपट, म्हणजे 96 फ्रेम. चौथ्या हिश्श्याचं असेल तर दुप्पट, 48. हल्ली फोनमध्येसुद्धा 120 फ्रेम मिळतात, तरी लोक 24 ला शूट करून मग एडिटमध्ये ताणतात आणि ते ताणलेलं लगेच कळतं.

न झेपणारा प्राणी निवडणं

सहा पायांचा, पंखवाला, धावणारा प्राणी कागदावर भारीच वाटतो. पण 1958 चा 'द ब्लॉब' बघा, साधारण 1 लाख 10 हजार डॉलरमध्ये झालेला पिक्चर, आणि त्यातला प्राणी म्हणजे रंग घातलेलं सिलिकॉन. तोंड नाही, हातपाय नाहीत, त्यामुळे खोटं दिसेल असं त्याच्यात फार कमी राहतं. उलट 1959 च्या 'द किलर श्रूज'मध्ये कुत्र्यांना केसाळ कव्हर घालून राक्षसी चिचुंद्र्या म्हणून पळवलंय, कुत्रं कुत्र्यासारखंच पळणार ना, आणि आपल्या डोळ्यांना ती चाल जन्मापासून ओळखीची आहे. आपल्याकडे जे सामान आहे ते कसं हलतं ते आधी बघा आणि त्यातून प्राणी काढा.

उंचीचं पण सांगते. लो बजेट पिक्चरवाल्या रॉजर कॉर्मनच्या 1956 च्या 'इट कॉन्कर्ड द वर्ल्ड'मध्ये शुक्रावरून आलेला प्राणी आहे, तिथे गुरुत्वाकर्षण जास्त असणार या हिशोबाने तो बुटका केला होता. सेटवर हिरोईन बेव्हर्ली गार्लंड त्याच्यासमोर उभी राहिली तर तीच वरून खाली बघत होती, मग त्याला घाईघाईत उंच करावं लागलं. म्हणून अॅक्टर आणि प्राणी शूटच्या आधी एकदा तरी शेजारी उभे करून बघाच.

सूट आणि मटेरियलचे घोळ

इथे शिकवायला कुणी भेटत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. सिलिकॉन मोल्डमध्ये म्हणजे साच्यात ओतलं आणि दोन दिवसांनी पण चिकटच राहिलं, ही तक्रार खूप जणांची असते. प्लॅटिनम प्रकारचं सिलिकॉन गंधकाच्या संपर्कात आलं की सेट होत नाही आणि बऱ्याच मॉडेलिंग क्लेमध्ये गंधक असतं, लेटेक्सच्या हातमोज्यांनीसुद्धा हेच होतं. बिनगंधकाची क्ले घ्या, विनाइलचे हातमोजे घाला, आणि आधी छोटा तुकडा ओतून बघा, थेट पूर्ण डोकं ओतू नका.

दुसरी चूक म्हणजे प्राणी ओला चमकदार दिसावा म्हणून लेटेक्सवर तेल किंवा पेट्रोलियम जेली फासणं. तेलाने लेटेक्स खराब होतं, फुगतं, चिरतं. पाण्यात बनणारी जेल वापरा, मिथाईल सेल्युलोजची पावडर पाण्यात घट्ट केली की छान तार येणारा स्लाईम होतो आणि नंतर पाण्यानेच धुऊन निघतो. ओलं करायचंच मात्र, कारण ओल्या कातडीवर प्रकाश तुटक तुटक चमकतो आणि रबराचा सपाटपणा लपतो.

आणि कृपा करून सूटमधल्या माणसाचा विचार करा. आत प्रचंड गरम होतं, दिसत जवळपास काहीच नाही, आवाज कमी येतो. आमच्या अॅक्टरला पंधराव्या मिनिटाला चक्कर आली आणि चेन मागे असल्यामुळे त्याला स्वतःहून बाहेर येता येईना, ते दोन मिनिटं मी विसरणार नाही. एक माणूस फक्त त्याच्यासाठी ठेवा, छोटे टेक घ्या, डोकं पटकन निघेल असंच बनवा, थांबायची खूण आधी ठरवा.

अंधार म्हणजे भीती असं समजणं

प्राणी लपवायचा म्हणून लाईटच कमी करायचा, मग फुटेज ग्रेन्सनी भरतं, ते एडिटला उजळवलं की अजून घाण होतं आणि प्रेक्षक स्क्रीनवर डोळे ताणत बसतो. घाबरायच्या ऐवजी वैतागतो. एक्स्पोजर नीट ठेवून शूट करा, काळोख नंतर ग्रेडिंगमध्ये, म्हणजे एडिटला रंग-उजेड बदलताना आणा, आणि प्राण्याच्या मागून लाईट द्या म्हणजे फक्त कडा दिसते. 1942 च्या 'कॅट पीपल'मध्ये (बजेट सुमारे 1,34,000 डॉलर) रात्री एकटी चाललेली बाई आहे, मागे कुणीतरी आहे असं वाटत राहतं आणि अचानक फुत्कार ऐकू येतो, तो असतो बसच्या ब्रेकचा. प्राणी फ्रेममध्ये नाहीच, पण त्या बाईचा चेहरा आपल्याला नीट दिसत असतो आणि सगळा खेळ त्या चेहऱ्यावर आहे.

अॅक्टरला प्राणी माहीतच नसणं

1957 च्या 'द जायंट क्लॉ'मध्ये हिरो जेफ मॉरो आणि बाकी मंडळी एकदम गंभीर अॅक्टिंग करतायत, कारण शूटला त्यांनी तो पक्षी पाहिलाच नव्हता. थिएटरमध्ये पक्षी पडद्यावर आला आणि लोक हसायला लागले. व्हीएफएक्स, म्हणजे कॉम्प्युटरवर प्राणी घालायचं काम, नंतर होणार असेल तर निदान प्राण्याचं चित्र दाखवा, त्याची उंची सांगा, काठीला टेनिसचा बॉल लावून नजर कुठे ठेवायची ते ठरवा. तीन अॅक्टर तीन उंचीवर बघतायत हे नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने सुधारत नाही.

मोकाट सुटलाय, पण कुठे?

स्क्रिप्टमधली सगळ्यात मोठी चूक मला ही वाटते. प्राणी सुटलाय हे कळतं पण जागेचा नकाशा आपल्या डोक्यात बसत नाही, जिना कुठे, दुसरं दार कुठे, तो आत्ता कुठल्या मजल्यावर असेल. हे माहीत नसेल तर तो कुठूनही आला तरी सारखंच. पहिल्या पाच मिनिटांत कुणालातरी त्या जागेतून साध्या कामासाठी फिरवा, म्हणजे नंतर ते दार उघडं दिसलं तरी पोटात गोळा येतो. मग प्राण्याचे नियम. त्याला वास येतो का आवाज, कशाला घाबरतो, किती वेगाने पळतो. एका सीनमध्ये पत्रा फाडतो आणि पुढच्या सीनमध्ये लाकडी दाराला अडतो असं झालं की विश्वास संपला. शास्त्रज्ञाचं दहा मिनिटांचं भाषण तर लागतच नाही, तुटलेला पिंजरा आणि आतून वाकलेले गज दाखवले की सायन्सचं काम भागतं.

शूट झालंय आणि प्राणी खोटा दिसतोय, आता?

आधी शॉट लहान करा, दोन सेकंदांचा असेल तर बारा-पंधरा फ्रेम ठेवून बघा. चित्र झूम करून फक्त डोळा किंवा खांदा दिसेल असं करा. मग आवाज, आणि इथे कंजूषी करू नका. 1954 च्या 'गोजिरा'ची (म्हणजे पहिल्या गॉडझिलाची) डरकाळी डबल बासच्या सैल केलेल्या तारेवर राळ लावलेला चामड्याचा हातमोजा घासून काढलेली आहे, म्हणजे रेडीमेड सिंहाचा आवाज टाकायच्या आधी घरातल्या वस्तू घासून, ओढून, रेकॉर्ड करून अर्ध्या स्पीडला ऐका. आमच्या प्राण्याचा श्वास हा जड कपाट फरशीवरून ओढल्याचा आवाज आहे, तो टाकल्यावर सूट दिसणारे अकरा शॉट आम्ही काढून टाकले आणि त्यांच्या जागी बंद दाराचे शॉट लावले.