आधी पट्ट्या, मग वॉलपेपर
भिंतीवरच्या लाकडी पट्ट्या आणि जुना वॉलपेपर काढताना मी उलट केलं आणि पट्टीमागे अडकलेला कागद नखांनी ओरबाडत बसले. तेव्हा आधी लाकडी पट्ट्या. भिंत आणि पट्टीच्या सांध्यावर कटर फिरवा, नाहीतर रंगाचा पापुद्रा सोबत निघतो. पटाशी खिळ्याजवळ घाला, तिच्यामागे लाकडाचा तुकडा ठेवा. थेट भिंतीवर जोर दिलात तर प्लास्टरला खड्डा पडलाच समजा. खिळे पट्टीच्या मागून पकडीने ओढा, म्हणजे दर्शनी बाजू फुटत नाही.

वॉलपेपरचा प्लॅस्टिकचा थर कोरडाच सोला. खालच्या कागदाला गरम पाणी लावून 15 मिनिटं थांबा. खरंच थांबा! बोटाने दाबल्यावर कागद सरकला, की पुट्टीचं पातं आडवं धरून काढा. स्विचबोर्डजवळ जाण्याआधी मेन स्विच बंद. राहिलेली खळ स्पंजने पुसा. ती तशीच राहिली तर नवा रंग तडकतो.