फेडरल अपिलाची तयारी: आधी तारीख, मग गाऱ्हाणे

अमेरिकेतील फेडरल (केंद्रीय) जिल्हा न्यायालयात दिवाणी दाव्याचा निकाल विरोधात लागला, तर निकालपत्रावर चरफडत बसण्याआधी त्या प्रकरणाचे डॉकेट, म्हणजे न्यायालयाची तारीखवार नोंदवही, उघडावे आणि अंतिम निकालाची नोंद कोणत्या तारखेला झाली ती ओळ शोधावी, कारण मुदत तिथून मोजली जाते. ती साधारणतः ३० दिवसांची असते; अमेरिकी सरकार पक्षकार असेल तर ६० दिवसांची. आपल्याकडच्या विलंबमाफीच्या अर्जांची सवय असलेल्यांनी इथे विशेष सावध राहावे. मुदतवाढ मिळते, पण तिचा अर्ज मूळ मुदत संपल्यापासून ३० दिवसांत करावा लागतो आणि कारणही पटण्याजोगे असावे लागते. २००७ च्या बोल्स विरुद्ध रसेल खटल्यात अपिलाची संपलेली मुदत पुन्हा खुली करताना न्यायाधीशांनीच कायद्यातल्या १४ दिवसांऐवजी चुकून १७ दिवस दिले होते. त्या तारखेवर विसंबून, खऱ्या मुदतीनंतर दोनच दिवसांनी दाखल झालेले अपील सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी अग्राह्य ठरवले. तेव्हा न्यायालयाने सांगितलेली तारीखही नियमाशी स्वतः ताडून पाहावी.

अपिलाची नोटीस वरच्या न्यायालयात नव्हे, तर ज्या न्यायालयाने निकाल दिला त्याच्याच कार्यालयात द्यायची असते. अपील कोण करतो, कोणत्या निकालावर आणि कोणत्या न्यायालयाकडे, एवढेच तिच्यात लिहावे. युक्तिवादाला तिथे जागा नाही. शुल्क ६०५ डॉलर असून, ते परवडत नसल्यास माफीचा अर्ज करता येतो. नोटीस दिल्यापासून १४ दिवसांत साक्षीपुराव्याच्या उताऱ्याची मागणी नोंदवावी. पैसे देण्याचा हुकूम झाला असेल, तर केवळ अपील केल्याने वसुली थांबत नाही, म्हणून स्थगितीसाठी हमीपत्राची व्यवस्था वेळीच करावी.

सर्वाधिक वेळ मुद्द्यांच्या निवडीला द्यावा. अपील म्हणजे फेरसुनावणी नव्हे: नवा साक्षीदार नाही, घरच्या कपाटात उशिरा सापडलेली पावती नाही, आणि खाली न घेतलेली हरकत इथे बहुधा ऐकली जात नाही. म्हणून प्रत्येक मुद्द्यापुढे, तो खालच्या न्यायालयात कोणत्या पानावर मांडला होता, ते लिहावे. पान सापडले नाही तर मुद्दा खोडावा. कायद्याच्या प्रश्नावर अपील न्यायालय स्वतंत्रपणे विचार करते, पण न्यायाधीशांनी काढलेला वस्तुस्थितीचा निष्कर्ष उघड चूक दिसल्याशिवाय बदलत नाही. त्यामुळे ‘साक्षीदार खोटे बोलला’ हा आपल्याला सर्वांत झोंबलेला मुद्दा बहुधा सर्वांत दुबळा ठरतो.

लेखी युक्तिवाद अभिलेख (खालच्या न्यायालयातील कागदपत्रांचा संच) दाखल झाल्यापासून ४० दिवसांत द्यायचा असतो. त्याची मर्यादा १३,००० शब्दांची, अक्षर १४ पॉइंटचे आणि छापील प्रतीचे मुखपृष्ठ निळे असते. प्रत्येक सर्किटचे, म्हणजे प्रादेशिक अपील न्यायालयाचे, स्थानिक नियम निराळे असल्याने, छपाईला देण्यापूर्वी तेही वाचून घ्यावेत.