पीसीचं वायफाय सारखं तुटतंय? आधी नेमकं कुठे तुटतंय ते शोधा

वायफाय गंडलं की सगळे आधी राउटर बंद करून चालू करतात, थोडा वेळ बरं चालतं, वाटतं झालं काम, आणि तासाभराने परत ये रे माझ्या मागल्या. रिस्टार्ट करण्यात चूक काही नाही पण त्यातून कळत पण काही नाही ना. नेट तुमच्यापर्यंत दोन टप्प्यांत येतं, बाहेरून राउटरपर्यंत लाइनने आणि राउटरपासून पीसीपर्यंत हवेतून, आणि यातलं कुठलं तुटतंय हे माहीत नसताना ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट करत बसण्यात अख्खा रविवार जातो.

तर आधी हे करा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करा, वायफायच्या खाली डिफॉल्ट गेटवे म्हणून एक नंबर दिसेल, घरच्या राउटरला बहुतेक वेळा तो १९२.१६८ ने सुरू होतो, तो तुमचा राउटर. आता दोन कमांड प्रॉम्प्ट उघडा, एकात पिंग (ping), स्पेस, तो नंबर, स्पेस आणि मायनस टी (-t), दुसऱ्यात तसंच पण नंबर गूगलचा, ८.८.८.८. दोन्ही चालू ठेवून नेहमीचं काम करत रहा. नेट अडकलं की लगेच तिकडे बघा: दोन्हीकडे टाइम आउट, म्हणजे उत्तरच नाही, असं येत असेल तर घोळ वायफायचा, राउटर नीट उत्तर देतोय आणि फक्त ८.८.८.८ गप्प आहे तर लाइनचा, मग प्रोव्हायडरला फोन करा, पीसीला हात लावू नका. दोन्ही मस्त चालू आहेत आणि तरी साइट उघडत नाहीत तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा नंबर शोधून देणारी सेवा, बदलून बघा. आणि हो, राउटरचं उत्तर सहसा १० मिलिसेकंदांच्या आत यायला हवं, ते मधेच ३००-४०० वर उड्या मारत असेल तर टाइम आउट नसला तरी वायफाय खराबच आहे.

वायफायचाच घोळ निघाला तर फोन पीसीच्या शेजारी ठेवून बघा. फोन पण रडतोय म्हणजे सिग्नलचा प्रश्न, फोन मजेत चाललाय म्हणजे पीसीचा.

पीसीचा असेल तर सेटिंग्जच्या आधी कॅबिनेटच्या मागे डोकावा. मदरबोर्डवर वायफाय असेल तर तिथे ॲन्टेना लावायची दोन छोटी पितळी टोकं असतात आणि बऱ्याच जणांच्या ॲन्टेना बॉक्समध्येच पडून असतात, तरी राउटर जवळ असला तर थोडंफार चालतं म्हणून कोणाला संशयच येत नाही. यूएसबी डोंगल असेल तर अजून एक गंमत. यूएसबी ३.० चे पोर्ट आणि केबल २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करतात, इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून लिहून ठेवलंय, त्यामुळे शेजारच्या पोर्टला एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावून मोठी फाइल कॉपी करायला घेतली की वायफाय मरतं आणि कॉपी संपली की आपोआप जिवंत होतं. डोंगल साध्या एक्स्टेन्शन केबलवर घेऊन कॅबिनेटपासून लांब, जरा उंचावर ठेवा, फरक लगेच कळेल.

काम करताना ठीक पण थोडा वेळ पीसी सोडला किंवा स्लीपमधून उठवला की तुटतं, असं असेल तर पॉवर सेव्हिंग. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॅप्टर्स, त्यात वायफाय कार्ड, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट, आणि वीज वाचवायला डिव्हाइस बंद करायची परवानगी देणारी टिक काढा. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅबच दिसत नाही, तिथे हा उपाय विसरा. ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या किंवा चिप बनवणाऱ्याच्या साइटवरूनच घ्या, ड्रायव्हर शोधून देणारी फुकट सॉफ्टवेअरं नकोच. त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल तर उलट रोल बॅक करा, म्हणजे जुना ड्रायव्हर परत आणा. नेटवर्क रीसेट अगदी शेवटी, कारण सेव्ह केलेले वायफाय पासवर्ड उडतात आणि व्हीपीएन परत सेट करावं लागू शकतं.

फोन पण रडत होता त्यांच्यासाठी. वायफाय दोन बँडवर, म्हणजे लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ वर आजूबाजूचे सगळे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन एकाच जागेत कोंबलेले असतात, म्हणून पीसी राउटरच्या जवळपास असेल तर सरळ ५ गिगाहर्ट्झवर जा. मधे जाड भिंती असतील तर मात्र ५ ची दमछाक होते, मग २.४ वरच रहा पण राउटरच्या सेटिंग्जमध्ये चॅनल (बँडमधला छोटा भाग) ऑटो न ठेवता १, ६, ११ पैकी मोकळा असेल तो घ्या आणि विड्थ, म्हणजे चॅनलची रुंदी, २० मेगाहर्ट्झ करा. ५ वर अचानक मिनिटभर सगळ्यांचंच नेट जाऊन परत येत असेल तर चॅनल नंबर बघा, ५२ ते १४४ मधले बरेचसे चॅनल रडारबरोबर वाटून घेतलेले असतात, राउटरला रडारचा सिग्नल लागला की नियमाने चॅनल सोडावाच लागतो, ३६ ते ४८ मधला फिक्स करून टाका.

दोन्ही बँडची नावं एकच असतील तर वेगळी करा, काही कार्डं या बँडवरून त्या बँडवर उड्या मारतानाच तुटतात.

आणि डेस्कटॉप जागचा हलणारच नसेल तर माझं मत विचाराल तर लॅन केबल टाका, ती १०० मीटरपर्यंत आरामात चालते. निदान दोन दिवस उधार केबल लावून तरी बघा, त्यावर पण नेट तुटलं तर वायफाय बिचारं उगाच शिव्या खात होतं.