रनिंग बॅकचा गुडघा: दुखापतीपासून परतीच्या सामन्यापर्यंतची तयारीची यादी

एमआरआयचा रिपोर्ट हातात आला की 'एसीएल फाटलंय' एवढ्यावर थांबू नका, त्याच्या खालच्या ओळीही वाचा. (एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट, म्हणजे चिवट पट्टा.) रनिंग बॅक, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन पळणारा खेळाडू, परत कसा धावेल हे एसीएलसोबत आणखी काय काय गेलंय यावर फार अवलंबून असतं. आतल्या बाजूचं एमसीएल, बाहेरच्या बाजूचं एलसीएल, मागचं पीसीएल, दोन्ही मेनिस्कस (हाडांमधल्या गाद्या) आणि कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) अशी सहा नावं कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे धड, अर्धवट फाटलेलं किंवा पूर्ण फाटलेलं, असं डॉक्टरांकडून भरून घ्या. पुढचं सगळं नियोजन या कागदावर उभं राहतं.

अमेरिकेत ज्या मराठी घरांतली मुलं हायस्कूल-कॉलेजात फुटबॉल खेळतात, त्यांना हा खेळाडू नेमकं काय करतो हे कबड्डीवरून चटकन कळेल. चढाईपटू एका पायावर भार टाकून झटक्यात दिशा बदलतो आणि त्याच क्षणी तिघं-चौघं त्याच्यावर झेपावतात. रनिंग बॅकचंही तेच, फक्त अंगावर येणारे शंभर-सव्वाशे किलोचे असतात आणि बुटाचे स्टड्स जमिनीत रुतलेले असतात. पाय जमिनीत अडकलेला आणि अंग वळलेलं, यात गुडघ्याचं वाटोळं होतं.

गुडघा निखळला असेल, म्हणजे दोन-तीन लिगामेंट एकदम गेली असतील, तर पहिली तपासणी लिगामेंटची नसते. पाऊल गार पडलंय का, पायाची नाडी लागते का, अंगठा वर उचलता येतो का, हे त्याच दिवशी इमर्जन्सीत पाहिलं गेलं पाहिजे. गुडघ्यामागची रक्तवाहिनी किंवा बाजूची नस दुखावली असेल, तर प्रश्न खेळाचा राहत नाही, पाय वाचवण्याचा होतो.

आता आशा किती ठेवायची ते. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या एड्रियन पीटरसनचं नाव प्रत्येक जण घेईल. २४ डिसेंबर २०११ ला त्याच्या डाव्या गुडघ्याचं एसीएल आणि एमसीएल गेलं, ३० डिसेंबरला शस्त्रक्रिया झाली, पुढच्या सप्टेंबरच्या पहिल्याच सामन्यात तो उतरला आणि २०१२ च्या हंगामात २,०९७ यार्ड धावला. एरिक डिकरसनच्या १९८४ मधल्या २,१०५ च्या विक्रमाला आठ यार्ड कमी पडले. हे खरं आहे, पण हे मोजमाप कुठल्याही मुलाला लावू नका. त्याऐवजी त्याच लीगमधला सेक्वॉन बार्कली डोळ्यांसमोर ठेवा. सप्टेंबर २०२० मध्ये एसीएल गेलं, २०२१ मध्ये तो ५९३ यार्डांवर राहिला, २०२२ मध्ये १,३१२ वर पोचला आणि २०२४ मध्ये २,००५. परतीचं पहिलं वर्ष फिकं जाणं ही सर्वसाधारण वाट आहे, आणि ते घरात, प्रशिक्षकांत आणि मुलाच्या मनात आधीच बोलून ठेवलेलं बरं.

लिगामेंटं जास्त गेली की हिशेब बदलतो. विलिस मॅकगाहीचं एसीएल, पीसीएल आणि एमसीएल ३ जानेवारी २००३ च्या फिएस्टा बोल या कॉलेज सामन्यात गेलं. एनएफएलच्या बफेलो संघाने त्याला तरीही नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या फेरीत घेतलं, २००३ चा सबंध हंगाम बसवून ठेवलं आणि २००४ मध्ये तो १,१२८ यार्ड धावला. निक चबला सप्टेंबर २०२३ च्या गुडघ्याच्या दुखापतीनंतर दोन शस्त्रक्रिया लागल्या. तेरा महिन्यांनी तो उतरला, पण ज्याची कारकिर्दीची सरासरी प्रत्येक धावेमागे ५.३ यार्ड होती त्याला त्या हंगामात ३.३ मिळाली. कॉलेजात खेळणाऱ्या मार्कस लॅटिमोरचा २०११ मध्ये एक आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये दुसरा गुडघा गेला, तो दुसरा तर पूर्ण निखळला. एनएफएलच्या सॅन फ्रान्सिस्को संघाने त्याला निवडलं, पण नोव्हेंबर २०१४ मध्ये एकही नियमित सामना न खेळता त्याने खेळ सोडला. त्याची मेहनत कमी पडली असं कुणी म्हणू नये. काही गुडघे मेहनतीच्या पलीकडे गेलेले असतात.

शस्त्रक्रियेची तारीख घाईने घेऊ नका. सुजलेला, आखडलेला गुडघा उघडला तर आत चिकटपणा वाढतो आणि पाय कायमचा थोडा वाकलेला राहू शकतो. सूज जवळजवळ उतरलेली, पाय दुसऱ्या पायाइतका सरळ होणारा, वाकणं १२० अंशांच्या आसपास आणि चाल लंगडी नसलेली, एवढं झालं की मग तारीख. याला बहुधा तीन ते सहा आठवडे लागतात. एमसीएल अर्धवट गेलं असेल तर ते याच काळात ब्रेसमध्ये बऱ्याचदा आपोआप जुळतं. अपवाद दोन. मेनिस्कसचा तुकडा अडकून गुडघा कुलूप लागल्यासारखा झाला असेल, किंवा बाहेरच्या बाजूची लिगामेंटं तुटली असतील, तर थांबण्यात नुकसान आहे.

याच आठवड्यांत एक गोष्ट करून ठेवा, जी बहुतेक घरांत राहून जाते: चांगल्या पायाची ताकद मोजून घ्या. सहा-आठ महिन्यांनी 'दुखरा पाय चांगल्या पायाच्या ९० टक्के झाला' असं सांगितलं जाईल, पण तोवर चांगला पायही बसून बसून मऊ झालेला असतो. खालावलेल्या पायाशी तुलना केली की आकडा गोड दिसतो. आयसोकायनेटिक यंत्रावर (पाय ठराविक वेगाने हलवायला लावून ताकद मोजणारं यंत्र) मांडीच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूचे आकडे आणि एका पायावरची लांब उडी फुटपट्टीने मोजून तारखेसह लिहा. दुखऱ्या पायाने हेच गाठायचं आहे.

सर्जनला विचारायचे प्रश्न लिहून न्या. नवं लिगामेंट कशाचं करणार? विशीच्या आतल्या, अंगावर मार घेणाऱ्या खेळाडूसाठी स्वतःच्याच शरीरातली कलम हवी, म्हणजे दुसरीकडून काढून इथे बसवलेला टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी). मृत दात्याकडून घेतलेली कलम या वयात पुन्हा तुटण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त आहे. गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनची हाडासकट कलम घट्ट बसते म्हणून फुटबॉलमध्ये तिला पसंती आहे, पण गुडघा टेकताना पुढे दुखतं आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा व्हायला वेळ घेतो. मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगची कलम घेतली की वेगाने धावताना लागणारा स्नायूच थोडा खर्ची पडतो, आणि एमसीएल सैल असेल तर तो आधार काढून घेणं परवडत नाही. वाटीवरच्या क्वाड्रिसेप्स टेंडनची कलम हा तिसरा पर्याय. मेनिस्कस शिवणार की कापणार, हेही विचारा. शिवला तर चार-सहा आठवडे भार आणि वाकणं यांवर बंधनं येतात, पण मुलगा पंचविशी ओलांडेल तेव्हाच्या गुडघ्यासाठी ते सोसण्यासारखं आहे. एनएफएलच्या खेळाडूला दुसरं वैद्यकीय मत आणि पसंतीचा सर्जन क्लबच्या खर्चाने मिळतो, तशी सोय करारातच आहे. शाळकरी मुलाला ते घरच्यांनीच मिळवून द्यावं लागतं, आणि द्यावं.

विम्याचा फोन शस्त्रक्रियेआधी करा. वर्षाला फिजिओच्या किती भेटी मंजूर आहेत, वर्ष जानेवारीत उलटतं की पॉलिसीच्या तारखेला, हे विचारून भेटी वाटून घ्या. पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याला तीनदा जाऊन कोटा संपवला, तर उडी, थांबणं आणि वळणं शिकवायची वेळ येते तेव्हा हाताशी कुणी नसतं. पुन्हा होणाऱ्या दुखापतींची बीजं याच पोकळीत पडतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात घरी करण्यासारखा व्यायाम घरी करा आणि निम्म्याच्या आसपास भेटी पाचव्या महिन्यानंतरसाठी राखा.

घरात कुबड्या मुलाच्या उंचीला लावून आधीच सराव करून घ्या. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. न्हाणीघरात प्लास्टिकचं स्टूल, बर्फाचं पाणी फिरवणारं यंत्र भाड्याने, शाळेत लिफ्टचा पास. उजवा गुडघा असेल तर चार-सहा आठवडे गाडी विसरा.

पहिले दोन आठवडे एका उशीवर ठरतात. आई मायेने गुडघ्याखाली उशी ठेवते, मुलाला बरं वाटतं आणि गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडायला लागतो. उशी किंवा टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवायची, गुडघा अधांतरी, दहा-दहा मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. दोन्ही पाय पलंगाबाहेर काढून पालथं झोपवा आणि टाचांच्या उंचीतला फरक मोजा. एक सेंटीमीटर म्हणजे साधारण एक अंश. दुसऱ्या आठवड्याअखेर तो फरक जवळजवळ नाहीसा आणि वाकणं ९० अंश झालेलं हवं. पाय सरळ उचलताना गुडघा मध्येच किंचित वाकत असेल, तर मांडीचा स्नायू अजून झोपलेला आहे. त्याला विजेच्या पॅडचं उत्तेजन लागतं. पोटरी एका बाजूला दुखून सुजली किंवा एकाएकी धाप लागली तर रक्ताची गुठळी समजून थेट इमर्जन्सी. ताप आणि जखमेतून पाणी आलं तर त्याच दिवशी सर्जनला फोन.

सूज रोज सकाळी पाहायची पद्धत शिकून घ्या. वाटीच्या आतल्या बाजूने तळहाताने खालून वर दोनदा पुसा, मग बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदा. आतल्या खळगीत पाण्याची लहानशी लाट उठली तर गुडघ्यात अजून पाणी आहे. कालच्यापेक्षा लाट मोठी असेल तर कालचा व्यायाम जास्त झाला. आज एक पायरी खाली. पाण्याने भरलेल्या गुडघ्यात मांडीचा स्नायू नीट आकुंचनच पावत नाही, म्हणून सूज अंगावर काढून ताकद वाढत नाही.

साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात मुलगा म्हणेल की आता काहीच दुखत नाही. नेमकी तेव्हाच कलम सर्वांत कच्ची असते, कारण शरीर जुनं टेंडन मोडून त्याचं लिगामेंट घडवत असतं. अंगणात मित्रांशी चेंडू फेकणं, ओल्या पायऱ्या आणि कुत्र्याचा पट्टा या काळात टाळा. हलक्या वजनावर मांडीला पट्टा बांधून रक्तप्रवाह आवळण्याचा व्यायाम इथे कामाला येतो, एरवी उचलता येईल त्याच्या २० ते ३० टक्के वजनावर. पण तो फिजिओच्या देखरेखीखालीच.

जेवणाचा हिशेब मराठी घरात हमखास चुकतो. ९५ किलोच्या मुलाला दिवसाला दीडशे ते दोनशे ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि एका वाटी वरणात जेमतेम सात-आठ ग्रॅम असतात. अंडी, चिकन, मासे, पनीर, घट्ट दही, व्हे पावडर असं दिवसातून चार-पाच वेळा वाटून द्या. खेळ बंद आहे म्हणून वजन वाढेल या भीतीने ताट कमी करू नका. मांडी आधीच झडत असते.

धावणं बाराव्या ते सोळाव्या आठवड्यात सुरू होतं, पण निव्वळ आठवडे भरले म्हणून नव्हे. सकाळची लाट नसावी, मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद चांगल्या पायाच्या किमान ७०-८० टक्के असावी आणि एका पायावर बसताना गुडघा आत पडू नये. तेही सुरुवातीला सरळ रेषेत, एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल. रनिंग बॅकचं खरं काम धावण्यात नसून थांबण्यात आहे. तीन पावलांत थांबणं, मग दोन पावलांत, मग ठरलेल्या ठिकाणी वळणं, मग प्रशिक्षकाने आयत्या वेळी हात दाखवल्यावर वळणं, आणि शेवटी मागे पाहून पास झेलताना वळणं. या शेवटच्या पायरीला बहुतेक कार्यक्रम पोचतच नाहीत. डोकं चेंडूत असताना गुडघा स्वतःला सांभाळतो का, हे तिथेच कळतं. दुखऱ्या पायावरून वळायचं टाळून मुलगा नेहमी दुसऱ्याच बाजूला कापत असेल तर व्हिडिओ काढून त्याला दाखवा.

नऊ महिन्यांच्या आत सामना नको. दिलावेअर आणि ओस्लोच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की नऊ महिन्यांपर्यंत परत येणं जितकं लांबवलं, तितकी पुन्हा दुखापतीची शक्यता दर महिन्यामागे सुमारे निम्म्याने घटली. पंचविशीच्या आतले जे खेळाडू मैदानावर परततात, त्यांतल्या जवळपास चौघांत एकाला पुन्हा एसीएलची दुखापत होते, कधी त्याच गुडघ्याला, कधी दुसऱ्या. महिन्यांसोबत आकडेही भरले पाहिजेत: आधी लिहून ठेवलेल्या ताकदीच्या ९० टक्के, एका पायावरच्या उड्यांच्या चारही चाचण्या ९० टक्के, मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद प्रति किलो वजनामागे सुमारे ३ न्यूटन-मीटर. भीतीही मोजा, त्यासाठी एसीएल-आरएसआय नावाची प्रश्नावली आहे. घाबरलेला मुलगा वळताना गुडघा ताठ ठेवतो, आणि ताठ गुडघा तुटतो. 'बाकीचे सहा महिन्यांत खेळले' असं प्रशिक्षक म्हणाले तर हे आकडे छापील कागदावर समोर ठेवा. मुलाला एकट्याने त्यांच्याशी वाद घालायला लावू नका.

परतताना आधी बिनधक्क्याचा सराव, मग पॅडवर आदळणं, मग पूर्ण संपर्क, आणि त्या पूर्ण सरावाचे किमान दोन-तीन आठवडे अंगावर असल्याशिवाय सामना नाही. गुडघ्यावर खाली येणारा टॅकल कसा घ्यायचा आणि कसं पडायचं, हे मऊ गादीवर पुन्हा शिकवा. ब्रेस मनाला धीर देतो, कलमेचं संरक्षण करतो असं मात्र धरून चालू नका. कृत्रिम गवतावर लांब स्टड्स नकोत. पहिल्या सामन्यात किती वेळा चेंडू द्यायचा हा आकडा प्रशिक्षकांशी आधीच ठरवा, आठ-दहा पुरे. ब्लिट्झ करणाऱ्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावर थेट धावून येणाऱ्या, लाइनबॅकर बचावपटूला अडवण्याचं काम पहिल्या आठवड्यांत दुसऱ्याला द्या, कारण त्यात पाय रोवलेला असतो आणि धक्का बाजूने येतो.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरच, उभं राहण्याआधी, तळहाताने तीच लाट पाहा. आतली खळगी कोरडी असेल तर सोमवारचा सराव पूर्ण. भरलेली असेल तर दोन दिवस सायकल आणि बर्फ, आणि फिजिओला फोन.