पक मिळण्याआधी मागे बघा: आइस हॉकीत ब्रेकआउट कसा करावा

पक (खेळातली रबरी चकती) आपल्या गोलमागच्या कोपऱ्यात घरंगळत गेलाय, तुम्ही त्याच्या मागे धावताय आणि पाठीमागून प्रतिस्पर्ध्याच्या स्केट्सचा आवाज जवळ येतोय. इथून पक ताब्यात ठेवून आपल्या ब्लू लाइनच्या (आपल्या भागाची हद्द दाखवणाऱ्या निळ्या रेषेच्या) बाहेर काढायचा, याला ब्रेकआउट म्हणतात. एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या) मैदानावर गोल लाइनपासून ब्लू लाइन 64 फुटांवर असते. हे अंतर नीट पार करता येत नाही म्हणून कितीतरी संघ अख्खा सामना आपल्याच गोलसमोर काढतात. कॅनडातल्या मराठी घरांतली मुलं आता हा खेळ खेळतात आणि गॅलरीतून आईबाबा "मार, मार, बाहेर मार!" ओरडतात. तो सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. का, ते पुढे येईलच.

आधी जागा धरा

पक प्रतिस्पर्ध्याकडे असताना एकच डिफेन्समन (बचावपटू) कोपऱ्यात जातो, दुसरा गोलसमोरून हलत नाही. सेंटर (मधला आघाडीपटू) खाली, म्हणजे आपल्या गोलकडे, उतरून कोपऱ्यातल्या साथीदाराला मदत करतो आणि दोन्ही विंगर (कडेचे आघाडीपटू) ब्लू लाइनजवळच्या प्रतिस्पर्धी डिफेन्सवर नजर ठेवतात. नवशिके गुळाच्या खड्याला मुंग्या लागाव्यात तसे पाचही जण पकभोवती जमतात, आणि गोलसमोर एकटा उभा असलेला प्रतिस्पर्धी आरामात गोल करतो. आपला माणूस आणि आपला गोल यांच्या मधोमध राहा, स्टिकचं पातं बर्फावर टेकलेलं ठेवा.

मागे बघा, एकदा नव्हे, दोनदा

माझ्या मते ब्रेकआउटचा निकाल पकला हात लागण्याआधीच लागलेला असतो. पककडे वळताना एकदा खांद्यावरून मागे बघा आणि पकपासून दोन-तीन ढांगांवर असताना पुन्हा एकदा. दोनच गोष्टी टिपायच्या: दाबायला येणारा कोणत्या बाजूने येतोय आणि आपली माणसं कुठे आहेत. पहिल्या नजरेत दिसलेलं चित्र दोन सेकंदांत बदलतं, म्हणून दुसरी नजर टाळू नका.

पककडे सरळ न जाता थोडं तिरकं जा, म्हणजे पक हाती येताच वळता येतं. आणि मुलांना हे आधी शिकवा: बोर्डपासून (मैदानाभोवतीच्या भिंतीपासून) तीन-चार फुटांवर, बोर्डकडे तोंड करून थांबायचं नाही. तिथे पाठीमागून धक्का बसला तर डोकं थेट बोर्डवर आदळतं. एक तर बोर्डला अंग चिकटवून राहा, नाहीतर चांगलं लांब राहा.

साथीदाराची हाक ऐका

पक उचलणाऱ्याची पाठ मैदानाकडे असते, त्यामुळे दुसरा डिफेन्समन आणि गोली हे त्याचे डोळे. त्यांनी मोठ्याने, एकाच शब्दात सांगायचं.

"अप": त्याच बाजूच्या विंगरला पास.

"ओव्हर": गोलच्या मागून दुसऱ्या डिफेन्समनला पास.

"व्हील": स्वतःच पक घेऊन गोलला वळसा. पाठलाग करणाऱ्याच्या वाटेत गोलची जाळी येते, तेवढीच उसंत मिळते.

"रिव्हर्स": वळसा घेतोय असं भासवायचं आणि पक बोर्डवर आपटून आलो त्याच बाजूला मागे सोडायचा. पाठलाग करणारा अगदी टाचेवर असेल तरच याचा उपयोग. तो लांब असेल तर पक आयताच त्याला मिळतो. साथीदाराने हाक दिली नसेल तर रिव्हर्स करूच नका, कारण तिथे कुणी उभं असेलच असं नाही.

विंगर आणि सेंटर

विंगरने फेसऑफच्या (दोन खेळाडूंमध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू करण्याच्या) वर्तुळाच्या बाजूला, बोर्डला पाठ लावून उभं राहावं. असं उभं राहिलं की समोरचं सगळं मैदान दिसतं, शिवाय ब्लू लाइनकडून चाल करून येणारा प्रतिस्पर्धी डिफेन्समनही. तो अंगावर आलाच तर पक थांबवत बसू नका. बोर्डवरून त्याच्या मागे सरकवा किंवा आतल्या बाजूने येणाऱ्या सेंटरला हलकेच द्या.

सेंटरसाठी नियम सोपा आहे, पाळणं मात्र अवघड: खाली राहा, हळू या. पक ताब्यात आल्याची खात्री होण्याआधी सेंटर पुढे पळाला की विंगरला पास द्यायला कुणी उरत नाही. फसलेल्या ब्रेकआउटमध्ये मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच.

नुसता बाहेर का मारू नये

मध्यरेषेच्या अलीकडून मारलेला पक कुणालाही न लागता समोरच्या गोल लाइनपलीकडे गेला की आइसिंग होतं. फेसऑफ पुन्हा आपल्याच गोलजवळ येतो. एनएचएलमध्ये 2005-06 पासून आइसिंग करणाऱ्या संघाला त्या वेळी खेळाडूही बदलता येत नाहीत, म्हणजे दमलेले पाच जण तिथेच अडकतात. आपल्या भागातून पक थेट बोर्डवरच्या काचेवरून बाहेर उडवला तर 2 मिनिटांची शिक्षा. अगदीच वाट उरली नाही, तर पक काचेवर उंच आपटून मधल्या भागात पडेल इतक्याच जोराने काढा.

सराव

सुरुवातीला प्रतिस्पर्धी नकोच. प्रशिक्षकाने पक कोपऱ्यात सोडावा आणि खेळाडू पककडे जाताना मागे उभं राहून हाताची बोटं दाखवावीत. पक उचलण्याआधी खेळाडूने आकडा ओरडायचा. आकडा चुकला तर पास कितीही सुंदर असो, ती फेरी पुन्हा करायची. हे अंगवळणी पडलं की एक दाबणारा आणा, मग दोन.